पोरं ‘करलं’ का म्हणतात? घरच्या लॅपटॉपवर भाषेचं मॉडेल करून बघायची पद्धत

माझी भाची अडीच वर्षांची होती तेव्हा ‘मी केलं’ असं अगदी नीट म्हणायची, आणि तीनची झाली तशी एक दिवस टॉवर रचून ओरडली, मावशी, मी करलं! मग रोजच करलं, करली, करले. आई म्हणाली पाळणाघरात भाषा बिघडतेय. मला वाटतं बिघडत बिघडत काही नव्हती, उलट पोरीला नियम सापडला होता, बस-बसलं, पड-पडलं, हस-हसलं, मग कर-करलं का नाही? आधीचं ‘केलं’ ती पाठ केल्यासारखं म्हणत होती. इंग्रजी पोरांचंही असंच होतं, आधी ‘वेन्ट’ बरोबर, मग ‘गो-एड’, मग परत ‘वेन्ट’. आलेख काढला तर इंग्रजी यू सारखा दिसतो.

त्या ‘करलं’च्या नादाने मी भाषेची मॉडेलं, म्हणजे पुढचा शब्द किंवा रूप काय येईल याचा अंदाज बांधणारे छोटे प्रोग्रॅम, करायला लागले. मी प्रोफेसर वगैरे नाही, बोरिवली ते चर्चगेट रोजचं जाणंयेणं आणि ऑफिसात एक्सेल, बस. पण गेल्या दीड वर्षात जे जमलं आणि जे फसलं ते लिहितेय, म्हणजे कोणाला करून बघायचं असेल तर निदान माझे खड्डे चुकतील. एक गोष्ट आधीच सांगते कारण मला ती फार उशिरा कळली, मॉडेल बरोबर उत्तर देतंय का हे बघून माणसाबद्दल फारसं काही कळत नाही. बरोबर उत्तर पाठांतरानेही येतं. ते माणूस चुकतो तिथेच आणि तसंच चुकतंय का, हे बघायचं.

लॅपटॉप उघडायच्या आधी वही घ्या आणि प्रश्न लिहा, छोटा. ‘मुलं भाषा कशी शिकतात’ हा प्रश्न नाही, तो आयुष्यभराचा उद्योग आहे. ‘करलं कोणत्या क्रियापदांवर होतं आणि कोणत्यांवर होत नाही’ हा प्रश्न आहे. त्याखाली तुमचा अंदाज लिहा आणि तारीख टाका. तारीख का, तर मॉडेलचा निकाल बघितल्यावर आपण स्वतःलाच फसवतो की मला हेच वाटलं होतं. मी दोनदा फसवलंय.

पहिलं मॉडेल कागदावर, आणि तेही लोकलचं

परवा प्रभादेवी सोडल्यावर गाडीत ‘पुढील स्टेशन अंधेरी’ वाजलं आणि मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या अख्ख्या लेडीज डब्याने मान वर केली. रोज तीच घोषणा तीन भाषांत वाजते, कोणी ऐकत नाही. म्हणजे ऐकत असतो, डोकं आतल्या आत पुढचं स्टेशन आधीच ठरवून बसलेलं असतं, आणि अंदाज चुकला की दचकतं. हा जो दचका आहे ना, तो मोजता येतो, इंग्रजीत त्याला सरप्रायझल म्हणतात.

वहीत दोन रकाने करा, आत्ताचं स्टेशन आणि पुढचं. चर्चगेटहून निघणाऱ्या दहा गाड्या लिहा, समजा पाच स्लो आणि पाच फास्ट. माहीमनंतर कायम वांद्रे, शक्यता १, दचका शून्य. दादरनंतर मात्र स्लो असेल तर माटुंगा रोड आणि फास्ट असेल तर वांद्रे, दोन्हींची शक्यता अर्धी. दचका म्हणजे शक्यतेचा दोनच्या पायात लॉग घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं, अर्ध्याला १ बिट, आठात एक असेल तर ३ बिट. झालं, हे तुमचं पहिलं भाषेचं मॉडेल, फक्त शब्दांऐवजी स्टेशनं आहेत.

आता गंमत बघा, मॉडेलला एकच स्टेशन आठवतंय म्हणून ते दादरला गोंधळतंय. दोन आठवू द्या. प्रभादेवी-दादर असं आलं तर स्लो, पुढे माटुंगा रोड. मुंबई सेंट्रल-दादर असं आलं तर फास्ट, पुढे वांद्रे. गोंधळ संपला. भाषेतही हेच, किती मागचं लक्षात ठेवलं की पुढचं कळतं, आणि माणसाला तेवढं आठवतं का. पण अंधेरीला बघा, काही फास्ट गाड्या तिथून थेट बोरिवली आणि काही तिथून पुढे स्लो होऊन जोगेश्वरी. इथे मागची दोनच काय, सगळी स्टेशनं आठवून उपयोग नाही, इंडिकेटर बघितलेला असावा लागतो. हे इंडिकेटर प्रकरण डोक्यात ठेवा, खाली परत लागणार आहे.

एक टेक्निकल खड्डा इथेच. महालक्ष्मीनंतर माहीम हे तुमच्या वहीत कधीच आलेलं नाही, शक्यता शून्य, आणि शून्याचा लॉग काढायला गेलात की प्रोग्रॅम गचकतो. म्हणून प्रत्येक जोडीला आधीच थोडीशी भीक घालायची, शून्याऐवजी समजा ०.१ वेळा आलं असं धरायचं. भाषेत तर हे लागतंच, कारण माणूस रोज नवीन वाक्य बोलतो.

बाळाला शब्द कुठे तुटतो हे कसं कळतं

बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही, तामिळ येत नसेल तर तामिळ ऐकून बघा, एक लांबलचक दोरी. बाळाला मराठीही तशीच ऐकू येते. १९९६ साली सॅफ्रन, अॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं बनावट शब्दांची सलग माळ ऐकवली, मध्ये थांबा नाही, आवाजात चढउतार नाही. शब्द चारच, प्रत्येक तीन तुकड्यांचा, जसा बि-डा-कु. शब्दाच्या आत एका तुकड्यानंतर पुढचा ठरलेला, शक्यता १. शब्द संपला की पुढे उरलेल्या तीनपैकी कोणताही, म्हणजे ०.३३. बाळांनी नंतर शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे यांच्यात फरक ओळखला. दोन मिनिटांत! आपल्याला दादर ओळखायला पहिला आठवडा गेलेला असतो.

हे घरी करायला अर्धा तास पुरतो. चार बनावट शब्द घ्या, टुपीगो, लाडोमी वगैरे, मराठीत अर्थ नसलेले. पायथन नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत उलटसुलट करून माळ बनवा (गूगल कोलॅबवर फुकट चालतं, इन्स्टॉल काही नको), एकच शब्द लागोपाठ येऊ देऊ नका, आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता किती वेळा येतो ते मोजा. जिथे शक्यता घसरते तिथे शब्द तुटला. दचक्याच्या भाषेत आत ० बिट आणि सांध्यावर साधारण १.५८.

मग खरं मराठी घाला आणि रडा. पहिली मारामारी लिपीची. पायथनला ‘स्त्री’ची लांबी विचारली तर तो सहा सांगतो, कारण स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असे त्याचे सहा तुकडे, आपल्या कानाला मात्र एकच. म्हणून आधी हलन्त पुढच्या व्यंजनाला आणि मात्रा मागच्या अक्षराला चिकटवणारा छोटा नियम लिहा. दुसरी मारामारी, अक्षर म्हणजे उच्चार नाही. ‘घरात’ लिहिताना तीन अक्षरं आणि बोलताना घ-रात असे दोनच तुकडे. बाळ वाचत नाही, ऐकतं, त्यामुळे कानाने तोडा, अगदी हाताने दोनशे वाक्यं तोडलीत तरी चालेल. तिसरी, ‘वाऱ्याला’मधला र काहींच्या कीबोर्डवरून एका पद्धतीने येतो आणि काहींच्या दुसऱ्या, दिसायला सारखाच, कॉम्प्युटरला वेगळा. सगळं एकसारखं करून घ्या, नाहीतर एकाच शब्दाचे दोन शब्द होतात आणि तुम्हाला वाटतं काहीतरी शोध लागला.

एवढं करून निकाल येतो तो मिश्र. ‘मी’, ‘तू’, ‘ना’, ‘का’ असले एका तुकड्याचे शब्द मॉडेल हमखास शेजारच्याला चिकटवतं. आणि ‘पासून’, ‘साठी’ हे मागच्या शब्दापासून तोडून वेगळे काढतं. मी आधी याला चूक म्हणून खोडलं होतं. मग विचार केला, घरापासून, दादरपासून, कालपासून हे सगळं ऐकणाऱ्या बाळाला ‘पासून’ वेगळा तुकडा वाटला तर त्यात चूक कसली, तो आहेच. पुस्तकात जोडून लिहितात एवढंच. तुमचं उत्तरपत्रक शुद्धलेखनाचं असेल तर मॉडेलला मार्क कमी पडणार, पण परीक्षा चुकीची आहे.

आता मूळ दुखणं, करलं

१९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅकलेलंड यांनी इंग्रजी भूतकाळ शिकणारं छोटं न्यूरल नेटवर्क केलं, म्हणजे उदाहरणं बघून स्वतःचे आतले आकडे हळूहळू बदलत शिकणारा प्रोग्रॅम. नियम कुठेही लिहून दिलेला नाही, फक्त धातू आणि रूप यांच्या जोड्या. आणि ते आधी बरोबर, मग ‘गो-एड’ छाप चुका, मग परत बरोबर असं पोरांसारखं वागलं. लोक खूश. १९८८ मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी त्याची चिरफाड केली, त्यातला एक मुद्दा प्रत्येकाने फ्रिजवर चिकटवावा असा आहे. नेटवर्कला आधी १० क्रियापदं दिली होती, त्यातली ८ अनियमित, आणि मग एकदम ४१० आणखी ओतली. म्हणजे मधली घसरण ओतण्याच्या पद्धतीतून आली, खऱ्या पोराच्या कानावर अशी एका रात्रीत क्रियापदं पडत नाहीत. तुमच्या मॉडेलमध्ये हवं ते दिसलं तर आधी हेच तपासा, की ते मॉडेलने शोधलं की मीच वाढताना ताटात घातलं.

मराठीसाठी मी साधारण दीडशे क्रियापदं घेतली. सरळ वागणारी बस, उठ, हस, पड. तिरपी कर-केलं, जा-गेलं, ये-आलं, दे-दिलं, खा-खाल्लं, मर-मेलं. आणि मधलं एक मजेदार टोळकं, माग-मागितलं, सांग-सांगितलं, बघ-बघितलं. प्रत्येक क्रियापद घरात जितक्या वेळा ऐकू येतं तितक्या प्रमाणात द्यायचं, यादीतून एकेकदा नाही. तीन वर्षांच्या पोरासमोर ‘खा’ आणि ‘ये’ दिवसात शंभरदा होतं, ‘विणलं’ महिन्यात एकदा. हे प्रमाण कुठून आणायचं? विकिपीडियावरून नको. मराठी विकिपीडियावर अमुक गाव तमुक तालुक्यात आहे छापाचे लेख ढिगाने आहेत, पोरगी जेवताना तालुका ऐकत नाही. मी चार रविवार जेवणाच्या टेबलावर अर्धा अर्धा तास रेकॉर्डिंग केलं आणि हाताने उतरवलं. बहिणीला आणि भावजींना विचारून, आणि उतरवल्यावर ऑडिओ डिलीट. पोरांचा आवाज कुठे अपलोड करू नका, आपलंच पोर असलं तरी.

मॉडेल दोन करा. एक एकदम बावळट, नवीन क्रियापद आलं की उच्चाराने सगळ्यात जवळचं ओळखीचं शोधायचं आणि त्याच्यासारखं रूप करायचं. दुसरं छोटं नेटवर्क, धातूचे आवाज आत आणि रूपाचे आवाज बाहेर, साध्या लॅपटॉपवर चालतं. बावळट मॉडेल टाळू नका, बऱ्याचदा ते नेटवर्कच्या तोडीस तोड निघतं आणि मग कळतं की आपण तोफेने मच्छर मारत होतो. नेटवर्कला शिकवण्याच्या दर फेरीनंतर थांबवून ‘कर’चं काय ते विचारायचं आणि लिहून ठेवायचं. आणि एकदा नाही, सुरुवातीचे आकडे बदलून निदान दहा वेळा शिकवायचं, प्रत्येक वेळ म्हणजे एक वेगळं मूल समजा. एकाच मुलावरून आपण निष्कर्ष काढत नाही ना. (आजी काढते, पण ते सोडा.)

परीक्षा, मॉडेलची आणि माणसांचीही, बनावट क्रियापदांवर घ्यायची. ही युक्ती जीन बर्को यांची, १९५८ सालची, पोरांना एक काल्पनिक प्राणी दाखवून हा ‘वग’, आता असे दोन आहेत तर काय म्हणाल असं विचारायचं. पाठांतराचा प्रश्नच मिटतो. माझं क्रियापद ‘ढाग’. ‘माग’सारखं घेतलं तर ढागितलं, ‘जाग’सारखं घेतलं तर ढागलं. इथे मी एक महिना वाया घालवला, कारण मी नुसतं ‘तो ढागतोय, काल तो काय…’ असं विचारत होते आणि सगळे ढागला म्हणत होते. अर्थात म्हणणार, ‘तो’ म्हटलं की जागला, वागला हीच गँग. माग आणि सांग यांना कर्म लागतं. मग वाक्य बदललं, ‘तो पेटी ढागतोय, कालही त्याने पेटी…’, आणि तेव्हा कुठे ढागितली म्हणणारे निघाले. म्हणजे नुसता आवाज देऊन चालत नाही, वाक्यात ‘ने’ आहे की नाही हेही मॉडेलला द्यायला हवं. इंग्रजीवाल्यांचा सेटअप जसाच्या तसा उचलला की असं होतं.

आणि पोराची चूक चूक आहे ना हेही बघा. शेजारच्या घरातलं पोरगं ‘बघलं’ म्हणतं म्हणून मी यादीत चूक म्हणून टिक केलं, नंतर कळलं त्याची आजीच बघलं म्हणते. ते बिचारं अगदी बरोबर शिकलंय.

मोठी माणसं वाचताना कुठे अडखळतात

ह्यासाठी सगळ्यात स्वस्त प्रयोग व्हॉट्सॲपचा. ‘सकाळी डब्यात पोळी आणि ____’ असं वाक्य वीस जणांना वेगवेगळं पाठवा, ग्रुपवर नाही, ग्रुपवर पहिल्याचं बघून सगळे तेच लिहितात. वीसपैकी अठरा जणांनी भाजी लिहिलं तर भाजीची शक्यता ०.९. ह्याला क्लोझ म्हणतात, मॉडेलच्या अंदाजाशी थेट ताडून बघता येतं.

पुढची पायरी वाचनाचा वेळ. पवईला आयआयटीमध्ये डोळ्यांच्या हालचाली मोजून बरंच काम झालंय, पण आपल्याकडे ते मशीन नाही, स्पेसबार आहे. सायकोपाय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्पेसबार दाबला की एक शब्द दिसतो, परत दाबला की तो जातो आणि पुढचा येतो, आणि प्रत्येक शब्दावर किती मिलिसेकंद गेले ते नोंदलं जातं. २००१ मध्ये हेल आणि २००८ मध्ये लेव्ही यांनी मांडलं की जितका दचका मोठा तितका वेळ जास्त, आणि इंग्रजीत ते बऱ्यापैकी टिकलंय. मेंदूच्या लहरींतही अनपेक्षित शब्दावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी खळबळ दिसते, कुटास आणि हिल्यार्ड यांनी १९८० मध्ये गरम पावाला मोजे लावले असल्या वाक्यांवर ते दाखवलं. वडापाववाल्याने केलं असतं तर आपणही दचकलो असतो.

मराठीत खेळायला मस्त जागा म्हणजे कर्माशी जुळणारं क्रियापद. ‘मावशीने चपात्यांसोबत भात वाढला’ हे बरोबर, पण जवळ चपात्या आहेत म्हणून जीभ ‘वाढल्या’कडे घसरते का? लिंझेन, दुपू आणि गोल्डबर्ग यांनी २०१६ मध्ये इंग्रजीवर दाखवलं की मध्ये असली फसवी नामं आली की नेटवर्क जास्त चुकतं. आपल्याकडे तर ‘पोरगी पाहिली’ पण ‘पोरीला पाहिलं’, ‘ला’ लागला की क्रियापद एकदम नपुंसकलिंगी. दोन्ही प्रकारची वाक्यं जोड्यांनी बनवा, एकाच शब्दाचा फरक ठेवून.

करताना तीनचार गोष्टी पटकन. रेडीमेड मराठी मॉडेल घेताना बर्ट पद्धतीचं नको, ते पुढचे शब्दही बघून अंदाज बांधतं, माणूस डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून फक्त मागचं बघणारं जीपीटी पद्धतीचं घ्या. मॉडेल शब्दाचे तुकडे करतं, तर त्या तुकड्यांच्या दचक्यांची बेरीज करा, सरासरी नाही. लांब आणि दुर्मीळ शब्द तसेही हळू वाचले जातात, ते वेगळं काढा. आणि अडखळणं बऱ्याचदा पुढच्या शब्दावर दिसतं, बोट मागे राहतं, तेव्हा क्रियापद अगदी शेवटी ठेवू नका, मागे ‘असं आई म्हणाली’ वगैरे शेपूट लावा. अजून एक, मोठं मॉडेल म्हणजे चांगलं असं धरू नका. ओह आणि शुलर यांनी २०२३ मध्ये दाखवलं की मोठी मॉडेलं माणसाच्या वाचनवेळेशी उलट कमी जुळतात. त्यांना इतकं पाठ असतं की माणूस जिथे दचकतो तिथे ती दचकतच नाहीत.

खुराकाचाही हिशोब ठेवा. जीपीटी-३ ला ३०० अब्ज टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, वाचायला दिली होती. २०२३ पासून बेबीएलएम नावाची स्पर्धा आहे, त्यात जास्तीत जास्त १० कोटी शब्द देतात आणि छोट्या गटात १ कोटी, म्हणजे पोराच्या कानावर पडेल त्या मापाचे. अब्जावधी वाचून मॉडेलला व्याकरण आलं तर एवढंच कळतं की मजकुरातून ते शिकता येतं. पोर तसंच शिकतं हे नाही कळत. शिवाय पोराकडे इंडिकेटर आहे. ‘कार आली बघ’ म्हणताना कार समोर असते, आईचं बोट असतं. मॉडेलकडे नुसती स्टेशनांची यादी.

मुंबईतलं पोर तर घरी मराठी, खाली गार्डनमध्ये हिंदी, पाळणाघरात इंग्रजी. ‘मावशी, मेरा बॉल तिकडे गेली’ हे वाक्य माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि तिघांपैकी कोणत्या भाषेचं मॉडेल लावू ह्याचं उत्तर मला अजून मिळालं नाही, सध्या सगळं एकत्र ढवळून देते आणि बॉलचं लिंग काय येतं ते बघते.

माझ्या नेटवर्कने ‘करलं’ केलं, ‘बघलं’ही केलं, ‘येलं’ पण एकदा केलं जे भाचीने कधीच केलं नाही. पण गेल्या महिन्यात ती म्हणाली, ‘बाबा ऑफिसला गेलला’. गेला आणि वर परत एक ला. इंग्रजी पोरंही ‘वेन्टेड’ म्हणतात, त्याचाच भाऊ. वहीत बघितलं, दहाही मॉडेलांच्या सगळ्या फेऱ्या चाळल्या, एकानेही असं केलेलं नाही. माझी मॉडेलं प्रत्येक वेळी धातूपासूनच सुरुवात करतात, त्यामुळे ‘गेला’लाच धातू समजायची त्यांना सोयच नाही. रविवारी आत जाणाऱ्या यादीत तयार रूपं पण घालून बघणारेय. अंदाज लिहिलाय, तारीख टाकलीय.